पाठ होतं, मग गेलं कुठं?

परीक्षेच्या दिवसांत बेंगळुरूच्या कुठल्याही अपार्टमेंटसमोर रात्री साडेअकराला उभं राहून वर पाहा. निम्म्या इमारतीत अंधार असतो, पण दोन-चार खिडक्यांत दिवा हमखास जळत असतो. कुणाची दहावी, कुणाची दुसरी पीयूसी, कुणाची नीट, तर कुणाची इंजिनिअरिंगची सेमिस्टर.

त्यातल्याच एखाद्या मराठी घरात असा संवाद चाललेला असतो.

"आई, केलं होतं गं सगळं. खरंच पाठ होतं. पेपर हातात आला आणि सगळं पुसलंच गेलं."

आई काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, "नीट केलं असतंस तर आठवलं असतं!"

हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. आता आपणच ते पुढच्या पिढीला ऐकवतो. पण ते खरं आहे का? केलेला अभ्यास ऐन वेळी जातो कुठं? या कोड्याचा एक मोठा तुकडा बेंगळुरूतल्याच एका प्रयोगशाळेत सापडला आहे.

फांद्या झडतात, फांद्या वाढतात

शहराच्या उत्तरेला कृषी विद्यापीठाच्या हिरव्या जीकेव्हीके परिसरात नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस, म्हणजे एनसीबीएस ही संस्था आहे. ताण आला की मेंदूत नेमकं काय बदलतं, याचा शोध तिथले शास्त्रज्ञ सुमंत्र चॅटर्जी आणि त्यांचे सहकारी घेत होते. २००२ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ताण आणि मेंदू या विषयावर बोलताना आजही जगभर त्याचा उल्लेख होतो.

तो समजून घ्यायला मेंदूतल्या दोन जागांची ओळख हवी. पहिली हिप्पोकॅम्पस. समुद्रघोड्याच्या आकारावरून तिला हे नाव मिळालं. नव्या आठवणींची नोंद व्हायला ही जागा लागते. दुसरी अ‍ॅमिग्डाला, बदामाएवढी. भीती आणि धोका यांची खबर ठेवणारी. या दोन्ही शेजारी शेजारी असतात.

प्रयोगात उंदरांना रोज २ तास हालचाल करता येणार नाही असं ठेवलं. असं सलग १० दिवस. मग त्यांच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मेंदूच्या पेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि शेजारच्या पेशींचे निरोप त्या फांद्यांवर येतात. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखूड झालेल्या आढळल्या. अ‍ॅमिग्डालामधल्या मात्र वाढून दाट झाल्या होत्या. एकाच ताणामुळे आठवणीचं झाड झडलं आणि भीतीचं झाड फोफावलं.

पुढचा भाग आणखी विचार करायला लावणारा आहे. याच गटाने २००४ मध्ये दाखवलं, की ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिली तर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पुन्हा पूर्ववत होतात. अ‍ॅमिग्डालामधली वाढ मात्र तशीच राहते आणि प्राण्याचा घाबरटपणाही टिकून राहतो. २००५ च्या प्रयोगात ताण एकदाच दिला, फक्त २ तास. दुसऱ्या दिवशी अ‍ॅमिग्डालात काहीच फरक नव्हता. पण १० दिवसांनी पाहिलं, तर तिथल्या पेशींवर नवे जोड उगवलेले होते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तिथून थेट आपल्या मुलांवर उडी मारणं बरोबर नाही. तरीही एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. ताण म्हणजे "मनाचे खेळ" नाहीत, त्याच्या खुणा पेशींवर उमटतात. आणि "एकदाच तर ओरडलो, विसरेल उद्या" असं म्हणण्याआधी त्या १० दिवसांनी उगवलेल्या जोडांची आठवण काढायला हरकत नाही.

कुलूप लागतं, चोरी होत नाही

मग परीक्षेच्या हॉलमध्ये "पुसलं गेलं" त्याचं काय?

२००० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी माणसांवर एक साधा प्रयोग केला. लोकांना शब्दांची यादी दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आठवायला सांगितली. काहींना यादी पाहण्याच्या तासभर आधी, काहींना यादी पाहिल्यावर लगेच आणि काहींना आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली. ताण आला की आपलं शरीर जे रसायन सोडतं, त्याच जातीची ही गोळी. पहिल्या दोन वेळी घेतलेल्या गोळीने काही बिघडलं नाही. आठवायच्या आधी घेतली, तेव्हाच शब्द कमी आठवले.

म्हणजे शिकणं आणि साठवणं नीट झालेलं असूनही ऐन आठवण्याच्या वेळी ताण आडवा येऊ शकतो. म्हणूनच पेपर देऊन बाहेर पडल्यावर रिक्षात बसता बसता उत्तर आठवतं आणि आपण कपाळावर हात मारतो. चोरी झालेलीच नसते. तिजोरीला तेवढ्यापुरतं कुलूप लागलेलं असतं.

तेव्हा बाबांचं वाक्य अर्धंच खरं आहे. नीट केलेला अभ्यासही भीतीने अडकू शकतो. पण दुसरा अर्धा भागही आपण प्रामाणिकपणे पाहायला हवा. कारण पुष्कळदा आपण ज्याला "नीट केलं" म्हणतो, ते खरोखर नीट झालेलंच नसतं. त्यात मुलांचा आळस नसतो. अभ्यास कसा करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

विसरणं हा दोष नाही

स्मरणशक्ती मोजायला पहिल्यांदा ज्याने घेतली, त्याने प्रयोग स्वतःवरच केले. हर्मान एबिंगहाउस हा जर्मन अभ्यासक. त्याने अर्थ नसलेली हजारो अक्षरं तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात हे मोजलं. १८८५ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

त्याचे आकडे पाहून पुष्कळांना हायसं वाटेल. एका तासात वाचलेल्या कष्टांचं प्रमाण ४४ टक्क्यांवर आलं. एका दिवसानंतर ते साधारण एक तृतीयांश उरलं आणि महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. म्हणजे सगळ्यात मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते. नंतर विसरण्याचा वेग मंदावतो.

धड्याला अर्थ असतो, गोष्ट असते, त्यामुळे तो या अक्षरांपेक्षा जास्त टिकतो. पण घसरणीची तऱ्हा साधारण अशीच. सोमवारी वर्गात समजलेलं गुरुवारी धूसर झालं, तर तुमचं मूल "ढ" नाही. त्याचा मेंदू सगळ्यांच्या मेंदूसारखाच आहे.

पुस्तक मिटून बघा

आता कामाची गोष्ट. बहुतेक मुलं कसा अभ्यास करतात? धडा वाचायचा, पिवळ्या मार्करने ओळी रंगवायच्या, पुन्हा वाचायचा. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि "आलं मला" म्हणून पुस्तक बाजूला पडतं.

इथेच फसगत होते. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. समोरच्या गल्लीतला चेहरा रोज दिसला म्हणजे त्या माणसाचं नाव आपल्याला सांगता येतं असं नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये हे आकड्यांत दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा ४ वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग न बघता जे आठवेल ते ३ वेळा लिहून काढलं. ५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, "आपल्याला हे नक्की लक्षात राहील" अशी सगळ्यात जास्त खात्री ४ वेळा वाचणाऱ्यांनाच होती.

२०१३ मध्ये संशोधकांनी अभ्यासाच्या १० प्रचलित पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं या दोन्ही तळाशी गेल्या. सगळ्यात वर दोनच राहिल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास विखरून करणं.

चाचणी म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. पण ही चाचणी गुणांची नाही. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. चार मुद्दे आठवले, तीन निसटले? उत्तमच. आता त्या तिघांसाठी पुस्तक उघडायचं. आठवायला लागलेला जोर हाच खरा व्यायाम. डंबेल हलकं लागलं, तर दंड भरत नाहीत.

आणि याचा दुसरा फायदा पुन्हा भीतीपाशीच जातो. ज्याने घरी दहा वेळा पुस्तक मिटून आठवलेलं असतं, त्याला हॉलमध्ये पुस्तकाशिवाय बसणं नवं राहत नाही.

पाढ्यांचं शहाणपण

आपल्या आजी-आजोबांना विचारा, पावकी, निमकी, दिडकी कशी पाठ झाली? एका रात्रीत बसून नक्कीच नाही. रोज दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून झालं की पाढे. आज दोन, उद्या तेच आणि वर एक नवा. महिनोन् महिने. आज ऐंशीच्या घरातले आजोबा भाजीवाल्याचा हिशेब मोबाइल काढायच्या आत करून मोकळे होतात, ते उगीच नाही.

संशोधकांच्या भाषेत याला विखुरलेला अभ्यास म्हणतात. एका दिवशी सलग ३ तास करण्यापेक्षा तेच ३ तास तीन दिवसांत वाटले, तर पुढे जास्त टिकतं. मधे थोडं विसरायला होतं, पुन्हा आठवावं लागतं आणि त्या ओढाताणीतच आठवण घट्ट होते.

मधे अंतर किती ठेवायचं? २००८ मध्ये हजाराहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. परीक्षा आठवड्यावर असेल, तर उजळणी एक-दोन दिवसांच्या अंतराने. वर्षभर टिकवायचं असेल, तर सुमारे ३ आठवड्यांच्या अंतराने.

घरात राबवायला सोपा बेत असा: आज शिकलेलं उद्या ५ मिनिटं आठवायचं, मग ३-४ दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धड्याचा आकडा लिहून ठेवला की झालं. कालनिर्णयाच्या चौकोनात दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी त्याला नक्की जागा मिळेल.

मग घोकंपट्टी वाईट का?

कारण पाढ्यांमागे बेरीज असते, घोकंपट्टीमागे काहीच नसतं.

१९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोघांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवून झाकली. पट्टीच्या खेळाडूंनी बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडली, नवशिक्यांना मोजकीच जमली. मग मोहरी वाट्टेल तशी विखरून मांडली. आता पट्टीचा खेळाडू आणि नवशिका जवळजवळ सारखेच! म्हणजे त्यांची स्मरणशक्ती दैवी नव्हती. त्यांना डावाचा अर्थ कळत होता आणि अर्थामुळे सुटी मोहरी एका गाठोड्यात बांधली जात होती.

आपण फोन नंबर सांगतो तेव्हा हेच करतो. दहा आकडे सुटे म्हणत नाही, दोन-तीन तुकड्यांत म्हणतो.

बेंगळुरूत याचं जिवंत उदाहरण आहे. शतावधानी आर. गणेश. अवधान म्हणजे अनेक पृच्छकांनी एकामागून एक प्रश्न, समस्या, अटी घालायच्या, मधेच कुणी तरी मुद्दाम व्यत्यय आणायचा आणि अवधानी माणसाने कागद-पेन हातात न घेता प्रत्येकाला छंदोबद्ध पद्यात उत्तर देत जायचं. शतावधानात असे शंभर पृच्छक असतात. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा व्यासंग असतो. छंद, भाषा आणि अर्थ यांचे धागे इतके पक्के असतात, की नवी गोष्ट आली की तिला अडकवायला खुंटी तयारच असते.

मुलांनाही अशा खुंट्या हव्यात. "असं का?" हा प्रश्न म्हणजे खुंटी. पानिपतच्या लढाईचं साल १७६१ नुसतं घोकलं तर निसटतं. पण त्या आधी काय झालं, नंतर कोण आलं, हे गोष्टीसारखं कळलं की साल आपोआप जागेवर बसतं.

झोप म्हणजे सुट्टी नव्हे

आता पुन्हा त्या साडेअकराच्या दिव्याकडे येऊ.

१९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाक या संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरं पाठ करायला लावली. कधी पाठांतरानंतर ते झोपले, कधी तेवढाच वेळ जागे राहून रोजची कामं केली. झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी जास्त आठवलं. पुढच्या शंभर वर्षांत झोपेच्या संशोधनाने हे चित्र भरत नेलं. दिवसा हिप्पोकॅम्पसने टिपलेलं गाढ झोपेत पुन्हा उजळलं जातं आणि मेंदूच्या इतर भागांत पक्कं होत जातं.

म्हणजे झोपेच्या वेळी अभ्यास थांबत नाही, त्याची शिवण पक्की होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेल्या चार पानांसाठी आपण आधीच्या चाळीस पानांची शिवण उसवतो. दिवा साडेदहाला मालवणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

घरापासून दूर असलेल्यांसाठी

बेंगळुरूत शिकायला आलेली कितीतरी मराठी मुलं पीजीत किंवा हॉस्टेलवर राहतात. तिथं दिवा मालव म्हणणारी आई नसते आणि मेसचा कॉफीचा डबा रात्री बाराला उघडतो. त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी.

पहिली, मित्राला शिकवा. ज्याला समजलं नाही त्याला समजावताना आपल्याला काय समजलेलं नाही, ते लगेच उघडं पडतं.

दुसरी, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जिथं लक्षच गेलं नाही, तिथं आठवण उरणार कुठून?

तिसरी, कन्नड शिका. रिक्षावाल्याला "एष्टु?" म्हणजे "किती?" असं विचारायचं आणि "स्वल्प" म्हणजे "थोडं". रोज दोन शब्द, दुसऱ्या दिवशी न बघता आठवायचे, आठवड्याने पुन्हा वापरायचे. या लेखातली सगळी सूत्रं तुम्हाला त्यात सापडतील. शहरही आपलं वाटू लागेल. पंच्याहत्तरीच्या आजींनीही हा प्रयोग करावा. आठवण्याच्या व्यायामाला वयाची अट नाही.

घरच्यांनी काय करावं?

संध्याकाळी "किती धडे झाले?" असं विचारू नका. "आज काय शिकलीस, मला सांग ना" असं विचारा. पोळ्या लाटता लाटता ऐका. मधेच अडली तर उत्तर सांगू नका, थोडं थांबा. ती चाचणी होईल आणि गप्पाही होतील.

परीक्षेच्या दिवशी उपदेश नको. सगळं पुसल्यासारखं वाटलं तर काय करायचं, एवढंच आधी बोलून ठेवा. पेन खाली ठेव, दोन-तीन सावकाश श्वास घे आणि जो प्रश्न येतो तिथून सुरू कर. एक उत्तर लिहून होईपर्यंत दुसऱ्याचं कुलूप बहुधा सैल होतं.

आणि भीती नेहमीपेक्षा मोठी वाटली, म्हणजे झोप उडाली, जेवण तुटलं, मूल गप्प गप्प राहू लागलं किंवा "माझा काही उपयोग नाही" असं बोलू लागलं, तर निकालाची वाट पाहू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत आणि चोवीस तास. देशभरातल्या या सेवेचं मुख्य केंद्र बेंगळुरूच्या होसूर रोडवरचं निम्हान्सच आहे. तिथं फोन करणं म्हणजे ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखंच आहे.

याच निम्हान्समध्ये मेंदूचं एक संग्रहालय आहे. तिथं खरा मानवी मेंदू हातात घेऊन पाहता येतो. जमलं तर मुलांना घेऊन जा. सव्वा-दीड किलोचा तो मऊ गोळा तळहातावर घेतला, की इतक्या नाजूक वस्तूवर ओरडून काही छापता येणार नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आज रात्री त्या खिडकीत पुन्हा "सगळं पुसलं गेलं" असा आवाज आला, तर बाबांनी एवढंच म्हणावं, "गेलं नाही गं कुठं. आहे आतच. आता झोप, उद्या दोघं मिळून आठवू."

आणि दिवा मालवावा.